पुस्तक कळत नाही तेव्हा

घाटकोपरच्या ज्या चाळीत माझं बालपण गेलं, तिथून चिराग नगर जवळच होतं. अण्णा भाऊ साठे तिथल्या झोपडपट्टीत अनेक वर्षं राहिले, याचा आमच्या मोहल्ल्यालाही अभिमान होता. १९५९ सालची त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आमच्या घरात मोठ्याने वाचली जायची. वाचायची आमची थोरली आपा. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती, वाचन सुटलं नव्हतं. अम्मी भाकऱ्या थापता थापता विचारायची, “मग पुढे काय झालं?” आणि आपा पान उलटायची.

१९८६ साली मी कॉलेजात होतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ग्रंथालयातून घरी आणली. चार दिवसांनी आपाने ती माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “हा पोरगा धड सांगत का नाही रे? सारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. गोष्ट कुठे चाललीय त्याचा पत्ताच लागत नाही.” मी हसलो आणि म्हणालो, “आपा, हे तुझ्या आवाक्यातलं नाही.”

ती काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने माझ्याकडे कधी पुस्तक मागितलं नाही.

त्या एका वाक्याचा हिशेब मी आजही करतो आहे. वेगळ्या पद्धतीने सांगितलेली कादंबरी एखाद्याला भावते, दुसऱ्याला नकोशी होते. यात कमी कोण पडतं? वाचक की लेखक? आणि ज्याला कळलं आहे असं वाटतं, त्याने न कळलेल्याशी कसं वागावं?

पहिली समजूत अशी, की हा सगळा शिक्षणाचा प्रश्न आहे. मीही त्या दिवशी तेच धरून चाललो होतो. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’चा इतिहास ही समजूत खोटी ठरवतो. १९६५ साली हे पुस्तक आलं. मुंबईच्या नाक्यावरची पोरं जी भाषा बोलतात, त्याच भाषेत पोक्या नावाचा पोरगा सारं सांगतो. मध्ये लेखक येऊन बरं-वाईट समजावत नाही. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर कडाडून टीका केली. दुर्गाबाई भागवत पुस्तकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. दोघंही मराठीतली थोर माणसं, दोघांचं वाचन अफाट. पुस्तक एकच, तरी निवाडे उलटे. तेव्हा नापसंती म्हणजे अडाणीपणा, हे काही खरं नाही.

दुसरी समजूत अशी, की सरळ न सांगणं हे पश्चिमेचं खूळ आहे. किरण नगरकर यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ साली आली. तीत काळाचा क्रम मोडलेला आहे. आधीचं नंतर येतं, नंतरचं आधी, आणि जुळवाजुळव वाचकालाच करावी लागते. असं पुस्तक हाती आलं की आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतात, हे आपलं नव्हे. पण ‘अलिफ लैला’त एका कथेच्या पोटात दुसरी आणि दुसरीच्या पोटात तिसरी निघते, ती आपण लहानपणी विनातक्रार ऐकली. त्याहून मोठी गोष्ट तर रोजच्या तिलावतीत आहे. कलामे पाक आणि कादंबरी यांची तुलना करण्याची माझी नियत नाही, ती होऊच शकत नाही. मी फक्त आपल्या ऐकण्याच्या सवयीबद्दल बोलतो आहे. हजरत युसूफ यांचा किस्सा एकाच सूरेत सलग येतो. हजरत मूसा यांचा मात्र अनेक सूरांमध्ये विखुरलेला आहे. कुठे फिरऔनचा दरबार, कुठे बालपण, कुठे कौमची नाफरमानी. प्रत्येक वेळी जी नसीहत द्यायची, तेवढाच भाग समोर येतो. आपण कधी म्हटलं नाही की क्रम लागत नाही. म्हणजे तुटक कथन ऐकण्याची ताकद आपल्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त कादंबरी हाती आली की ती आपल्याला आठवत नाही.

याचा अर्थ प्रत्येक विस्कटलेलं पुस्तक चांगलं, असा नाही. काही लेखक सांगण्यासारखं काही नसलं की क्रम मोडतात. काही वाचक न वाचताच वाहवा करतात, कारण ‘कळलं नाही’ म्हणायची त्यांना लाज वाटते. आपाने तशी लाज धरली नाही. तिने प्रामाणिकपणे विचारलं होतं, हा धड का सांगत नाही? वाचकाने लेखकाला विचारावा असा हाच पहिला प्रश्न आहे. मी तो प्रश्न तिचा कमीपणा समजलो. दोघांनी बसून त्याचं उत्तर शोधलं असतं, तर बरं झालं असतं.

उत्तर शेवटी तिनेच शोधलं. २००६ साली घरातल्या एका लग्नासाठी ती माझ्या मुलुंडच्या घरी आठवडाभर राहिली होती. कपाटातली ‘कोसला’ तिने काढली. एका दुपारी पाहिलं, तर पुस्तक मांडीवर उघडं आणि तिचे डोळे भरलेले. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तो भाग ती वाचत होती. आपाची स्वतःची मुलगी दोन वर्षांची असताना तापाने गेली होती. मला म्हणाली, “तेव्हा मी पण असंच बोलत होते. तेच तेच, तुटक तुटक. लोक म्हणाले, हिचं डोकं ठिकाणावर नाही. हा पोरगा असा का बोलतो, ते आता कळलं.” थोड्या वेळाने हेही म्हणाली, “पण पहिली पन्नास पानं मला अजून आवडत नाहीत, बरं का.”

तो तिचा हक्क आहे. पुस्तक न आवडण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, फक्त ‘असं का सांगितलं असेल’ एवढा एक विचार त्याने आधी करावा. लेखकाकडे त्या प्रश्नाला उत्तर असावं. आणि चार बुकं जास्त शिकलेल्या माझ्यासारख्याने दुसऱ्याचा आवाका मोजायला बसू नये. दुःख सोसलेल्या माणसाला जे कळतं, ते मला पदवीने कळलं नव्हतं.

त्या दुपारी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफ केलं. पण वीस वर्षं मला पुस्तक आणून दिलं नाहीस, त्याचं काय?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.