हृदयस्थ देव आणि देहाचे दान

गिरगावच्या वाड्यांतून, दादर-परळ-लालबागच्या चाळींतून माळकऱ्यांची घरे पुष्कळ. या घरांतून एक प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. घरातील कोणी वडीलधारे, जन्मभर पंढरीची वारी केलेले, एके दिवशी मुलांना जवळ बसवून सांगतात, "मी गेल्यावर मला चंदनवाडीला नेऊ नका. देह मेडिकल कॉलेजला द्या. पोरे त्यावर शिकतील." घरात कोणी काही बोलत नाही. मग सूनबाई डोळ्याला पदर लावते आणि थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, लोक काय म्हणतील? आणि तुमच्या गतीचे काय?" अशा वेळी वारकऱ्याने काय करावे, हा तो प्रश्न. 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून तो झटकून टाकणे बरे नव्हे. एका बाजूला बापाची शेवटची इच्छा आहे, दुसऱ्या बाजूला मुलाचे शेवटचे कर्तव्य आहे, आणि दोन्ही खरी आहेत.

विचारणाऱ्यांच्या बोलण्यातून शंका निघतात त्या तीन. हृदयात देव राहतो, मग ती छाती सुरीने उघडू द्यावी काय? देहाला अग्नी मिळाला नाही तर गती कशी मिळावी? आणि तिसरी, जी लोक हळूच विचारतात : आमच्याच माणसाचा देह कशाला?

पहिली शंका आधी घेऊ. छाती उघडल्यावर विद्यार्थ्याला दिसते तरी काय? दोन्ही अंगांस बारा-बारा बरगड्यांचा पिंजरा, पुढे मधले हाड, मागे कणा, आणि तळाशी घुमटासारखे उचललेले श्वासपटल. आत दोन फुप्फुसे. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन. डावे जरा लहान, कारण त्याच्या अंगाला हृदयासाठी खळगा आहे. हृदय म्हणजे सुमारे आपल्या मुठीएवढा एक पोकळ स्नायू. दिवसाकाठी लाखाच्या घरात ठोके देतो आणि माणूस स्वस्थ बसला असताही मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुढे लोटतो. गंमत अशी की, एवढे रक्त त्याच्या पोटातून जाते, पण त्याच्या जाड भिंती त्या रक्तावर पोसत नाहीत. महारोहिणी हृदयातून निघताच तिला दोन बारीक फांद्या फुटतात. त्या हृदयावर पसरतात आणि त्यांतून येईल तेवढाच त्याचा वाटा. तोही बहुतेक दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतो. पंगतीत वाढप्याच्या हातून सारे अन्न जाते, पण त्याला जेवायला स्वतःचे पान मांडूनच बसावे लागते, तसेच हे आहे. त्या दोन फांद्या तुंबल्या की आपण म्हणतो, "अॅटॅक आला."

आता छातीतील मज्जातंतू पाहा. श्वासपटल हालविणारा तंतू मानेत उगम पावतो, फुप्फुसाच्या देठापुढून, हृदयाच्या आवरणाला लागून खाली उतरतो. दुसरा तंतू डोक्यातून निघतो आणि त्याच देठाच्या मागून थेट पोटापर्यंत जातो. त्याचे नाव व्हेगस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ भटका. या भटक्याला छातीत डावीकडे एक फांदी फुटते. ती महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि आल्या वाटेने पुन्हा वर चढून कंठातील स्वरयंत्राला मिळते. गर्भात हृदय मानेजवळ असते. ते छातीत उतरताना या फांदीला आपल्याबरोबर खाली ओढून आणते, म्हणून हा एवढा लांबचा फेरा. छातीत गाठ वाढली किंवा तेथील मोठी रोहिणी फुगली, तर घसा निरोगी असूनही माणसाचा आवाज बसतो, तो याच कारणाने. म्हणजे ज्या कंठाने आपण नाम घेतो, त्याचा एक धागा हृदयाशी जाऊन परत येतो. जाऊन परत येणे, यालाच आपण वारी म्हणतो ना?

एवढे सगळे दिसले, देव मात्र दिसला नाही. यात घाबरण्यासारखे काय आहे? देव हृदयात आहे असे संत म्हणतात, तेव्हा ते खोलीतल्या भाडेकरूची गोष्ट सांगत नाहीत. याची परीक्षा आपल्या परळातच झाली आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी एका मृताचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसविले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसेच करून पाहिले. हिंदुस्थानातील ते पहिले हृदयरोपण. तो रोगी काही तासांतच गेला, पण वाट पडली. १९९४ साली दिल्लीत हे काम साधले, आणि आज असे रोपण झालेली माणसे वर्षानुवर्षे संसार करतात. रोपण करताना हृदयाकडे येणारे सारे मज्जातंतू तोडावे लागतात. तरी नवे हृदय चालते, कारण ठोक्याची प्रेरणा त्याच्या स्वतःच्याच भिंतीत आहे. आता सांगा, ज्याच्या छातीत परक्याचे हृदय धडधडते, तो आपल्या मुलांना विसरतो काय? माळकरी असेल तर त्याचा विठोबा बदलतो काय? मग ज्या हृदयात देव बसला आहे, ते या मांसाच्या हृदयाहून वेगळे आहे, हे उघड झाले. त्याला सुरी लागत नाही आणि अग्नीही लागत नाही.

छाती उघडणारा हात आणि अभंग गाणारा कंठ एकाच माणसाचे असू शकतात, याचे उदाहरण गिरगावाला दूर शोधायला नको. भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. प्रेताला शिवणे म्हणजे बाटणे, अशी तेव्हाची समजूत. त्या कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक डॉ. आत्माराम पांडुरंग. त्यांनीच पुढे १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन केला. ट्रामने येणारे-जाणारे ज्या नाक्याला 'प्रार्थना समाज' म्हणत आणि बसवाले आजही म्हणतात, तो नाका त्याच समाजाच्या मंदिरावरून ओळखला जातो. मूर्तिपूजेविषयी त्यांचे मत आणि आमचे मत एक नाही. पण तुकोबारायांचे अभंग त्यांच्या उपासनेत म्हटले गेले, हे कोणी नाकारणार नाही. शरीराचे ज्ञान झाले म्हणून भक्ती आटली नाही.

दुसरी शंका गतीची. येथे एवढेच सांगतो की, देह हाती नसला तर काय करावे याची तजवीज शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. परमुलखी मेलेल्याचे शरीर न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार करतात, त्यास पालाशविधी म्हणतात. संन्याशाला तर अग्नी देतच नाहीत. आणि देह उघडून शिकणे ही साहेबाने आणलेली चाल म्हणावी, तर सुश्रुताने स्वतः सांगितले आहे की, प्रेत पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे, मग कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. तेव्हा दहावा-तेरावा करायचा त्याने जरूर करावा. अन्नदान करावे, भजन करावे. त्याला देहदान आड येत नाही.

आता तिसरी शंका, आमचाच माणूस का? आमच्या मते खरी गोष्ट येथेच आहे. विद्यार्थी आजवर शिकले ते कोणाच्या देहावर? १९४९ साली मुंबई राज्यात शरीरशास्त्राचा कायदा झाला. ज्यांचा ताबा घ्यायला कोणी आले नाही, असे बेवारशी मृतदेह त्या कायद्याने शिकविण्यासाठी कॉलेजांस देता येतात. म्हणजे रस्त्यावर, धर्मशाळेत, इस्पितळाच्या खाटेवर जो एकटा मेला, त्याने आपली छाती उघडून दिली. त्याला विचारलेही नाही. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून जो शिकला, त्या डॉक्टरने आमच्या वडिलांचा जीव वाचविला. आम्ही फी दिली, पेढे वाटले, आणि त्या निनावी माणसाचे ऋण मात्र कोणाच्या वहीत मांडले गेले नाही.

चोखोबांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. मंगळवेढ्यास कुसू कोसळून मजुरांबरोबर तेही गाडले गेले. परंपरा सांगते की, नामदेवराय तेथे गेले, त्या ढिगातल्या हाडांना कान लावला, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती हाडे उचलून पंढरीस आणली. आजही महाद्वारासमोर त्या समाधीला हात जोडूनच आपण पुढे जातो. ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याच्या हाडांसाठी संत वाट तुडवीत गेले. मग ज्यांना पोरे-नातवंडे आहेत, चार खांदे तयार आहेत, त्यांनी आपण होऊन त्या बेवारशांच्या शेजारी जाऊन निजावे, याहून मोठी समता ती कोणती? वाळवंटात आपण एकमेकांच्या पायां पडतो. ते मरणानंतरही खरे करून दाखवायची ही संधी आहे.

मात्र मुलाचे दुःख खोटे नाही. बापाला अग्नी देणे हा त्याच्या मनाचा शेवटचा आधार असतो. आणि व्यवहारात बापाचा शब्द अखेर त्याच्याच हाती राहतो. अर्ज भरलेला असला तरी जवळच्या नातेवाइकांनी नको म्हटले, तर कॉलेज देह घेत नाही. म्हणून ज्यांना द्यायचा असेल त्यांनी नुसता कागद करून ठेवू नये. भायखळ्याचे ग्रँट, परळचे सेठ जी. एस., मुंबई सेंट्रलचे टोपीवाला, अशा कोणत्याही कॉलेजच्या शरीररचना विभागात मुलाला बरोबर घेऊन जावे आणि त्याच्यादेखत अर्ज भरावा. अपघाती मृत्यू आला किंवा पोस्टमार्टेम झाले, तर देह बहुधा घेत नाहीत, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत करता येते. आणि इतके करूनही मुलाचे मन झालेच नाही, त्याने चंदनवाडीची वाट धरली, तर त्याला पापी म्हणू नये. दान जबरदस्तीने घडत नाही.

पण ज्या घरात असा वडीलधारा आज बोलतो आहे, त्या घराला आमचे सांगणे एकच. त्याला गप्प करू नका, ऐकून घ्या. जन्मभर 'देह पांडुरंगाचा' म्हणत आलेला माणूस आता तो देह ज्याचा त्याला कसा पोचवायचा, एवढेच विचारतो आहे.

राम कृष्ण हरि.