बघणाऱ्याचा वाटा

घरातून निघताना मी सामानात तीन गोष्टी सगळ्यात आधी ठेवल्या. लोखंडी तवा, पाणी गाळायचं फडकं आणि जपमाळ. मुलगा जोहान्सबर्गला नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं, "आई, जंगलात चार दिवस राहायचंय. तिथं हॉटेल नाही, दुकान नाही, वीज नाही. आपलं आपण करून खायचं." हे ऐकून आमचे हे जरा हबकले. मला मात्र आणखी काय हवं होतं? परगावी गेलं की आपली अर्धी काळजी खाण्याचीच असते. तेल कसलं, तवा कुणाचा, आमटीत काय घातलंय. इथं तो प्रश्नच मिटला.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ सालचं. साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर जंगल. आपला बेळगाव जिल्हा काही लहान नाही, पण तसला दीड जिल्हा त्यात मावेल. ऑलिफंट्स नदीच्या अलीकडे बालुले नावाचा छोटा कॅम्प आहे. सहा गोल झोपड्या, तंबूंसाठी थोडी मोकळी जागा आणि सभोवती तारेचं कुंपण. वर्णभेदाच्या काळात गोरे नसलेल्यांना, म्हणजे आपल्या भारतीयांनासुद्धा, मुक्कामासाठी हा कॅम्प राखलेला होता. मुलाने सांगितलं तेव्हा झोपडीचा उंबरा ओलांडताना मी थबकले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी गुजराती नाहीतर तमिळ बाई इथंच तवा ठेवून बसली असेल.

संध्याकाळी कंदील लागायचे. सगळ्यांत मिळून एकच फ्रीज आणि तो मांसाच्या पुड्यांनी भरलेला. म्हणून आमची दुधी नि कोबी खोलीतच पिशवीत टांगली होती. झोपडीपुढे निखाऱ्यांवर मांस भाजायच्या जाळ्या होत्या. त्याला तिकडे ब्राय म्हणतात. शेजारची मंडळी फार भली. त्यांनी ताट पुढे केलं, मी हात जोडले, त्यांना कळलं. तिकडच्या मक्याच्या पांढऱ्या पिठाची भाकरी मात्र झकास होते. जूनमध्ये तिथं थंडी, दिवस लहान. संध्याकाळी साडेपाचला फाटक बंद. त्याच्या आत सगळ्या गाड्या परत. मी सुनेला म्हटलं, "बघ, एवढं मोठं जंगल माझ्या नियमाने चालतं. सूर्यास्ताआधी सगळे घरी!"

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

नदीकाठच्या मातीच्या रस्त्यावर पाच-सहा गाड्या थांबलेल्या दिसल्या. तिथं गाडीतून उतरायचं नाही, प्राण्यांना त्रास होईल असं काही करायचं नाही, असा कडक नियम आहे. पिवळ्या गवतात दोन सिंहिणी पोट जमिनीला टेकवून बसल्या होत्या. गवताचा नि त्यांचा रंग एकच. पलीकडे झेब्र्यांचा कळप पाण्याकडे उतरत होता. त्यात एक पिल्लू होतं, आईच्या पोटाला चिकटून चालणारं. पाऊण तास गेला. गाडीत कुणी खोकत नव्हतं. सिंहीण एक पाऊल सरकायची, पुन्हा थांबायची. माझ्या हातातली जपमाळ केव्हाच मांडीवर पडली होती. मन एकच म्हणत होतं, आता... आता...

मग धुरळा उठला. कळप फुटला, एका झेब्र्याने लाथ झाडली, टापांचा आवाज लांब गेला. धुरळा बसला तेव्हा दोन्ही सिंहिणी धापा टाकत नुसत्या उभ्या होत्या. सिंहांच्या बहुतेक झडपा अशाच फुकट जातात म्हणे.

आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अरेरे!"

सुनेने मागे वळून बघितलं. "आई, पिल्लू वाचलं की."

"हो, तेच की. घाबरलं असेल बिचारं," मी म्हटलं. सत्तावन्नाव्या वर्षी सुनेशी खोटं बोलले मी.

आयुष्यभर 'अरेरे' हा शब्द मी कशासाठी वापरला? मांजराने चिमणी धरली म्हणून, दिव्यावर पतंग जळला म्हणून. तोच शब्द त्या दिवशी एक जीव वाचला म्हणून निघाला.

सामायिकाला बसलं की आपण कृत, कारित, अनुमोदना असे तीन शब्द म्हणतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून 'बरं झालं' म्हटलेलं. पहिल्या दोन्हींत आपण बायका फार जपतो. डाळ निवडतो, पाणी गाळतो, अळी दिसली तर अलगद बाहेर सोडतो. तिसऱ्याकडे माझं तरी फारसं लक्ष नव्हतं.

दुपारी यांना सांगितलं. हे हसले. "सिंह काय तुला विचारून शिकार करतो? तू नसतीस तरी झडप घातलीच असती. आणि सुटला तो झेब्रा, पण ती सिंहीण उपाशी राहिली, तिचं काय?" खरंच आहे. सिंहिणीला दोष कोण देईल? भूक लागली की तिला दुसरं काही खाता येत नाही. आपले भगवान महावीरही एका पूर्वभवात सिंहच होते. हरणाची शिकार करतानाच त्या सिंहाला दोन चारण मुनी भेटले, त्याला बोध झाला, मांस सोडलं आणि दुसरं खाता येत नाही म्हणून अनशन करून त्याने देह ठेवला. एवढी किंमत मोजावी लागते सिंहाला. लहानपणी बस्तीतल्या चित्रात सिंह आणि गाय एका कुंडातलं पाणी पिताना बघायची, तेव्हा हा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता.

पण यांचं उत्तर सिंहिणीबद्दलचं होतं आणि माझा प्रश्न माझ्याबद्दलचा. सिंहिणीला भूक होती. माझ्या डब्यात तर भाकरी होती. मग मला कसली भूक लागली होती? अमृतचंद्र आचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त हिंसेची व्याख्याच मनात उठणाऱ्या राग-द्वेषावरून केली आहे. हातून जीव गेला की नाही, हे नंतरचं. त्या हिशेबाने त्या सकाळी नदीकाठी शिकार सिंहिणींना साधली नाही, पण गाडीच्या मागच्या सीटवर ती होऊन गेली.

तुम्ही म्हणाल, इतकं काय लावून घ्यायचं? घरी शेंगा सोलत आपण टीव्हीवर हरणामागे धावणारा चित्ता बघतोच की. हो, मीही बघते. रस्त्यात अपघात झाला की खिडकीतून डोकावतेही. पण तिथं बघणाऱ्यांच्या गर्दीत आपण एकट्या नसतो, म्हणून आपला आवाज ऐकू येत नाही. गाडीत इतकी शांतता होती की मला माझाच आवाज ऐकू आला.

त्या रात्री कुंपणाबाहेर तरस आला. बालुलेला तो नेहमी येतो. भाजलेल्या मांसाचा वास आणि कुणीतरी फेकलेलं हाड त्याला तिथं आणतं. कंदिलाच्या उजेडात दोन डोळे, उतरती पाठ, तारेला लागून संथ येरझारा. मला एकदम गलबलून आलं. उरलेली भाकरी घेऊन उठले. दाराशी आलेल्या कुत्र्याला, गाईला घालायची आपली सवयच ना. मुलाने हात धरला.

"आई, नको. इथं खायला घालायला बंदी आहे. माणसाच्या हातचं खायची सवय लागली की भीती मोडते. मग कधीतरी तो माणसावर येतो आणि त्याला गोळी घालावी लागते."

भाकरी हातातच राहिली. सकाळच्या 'अरेरे'वर काहीतरी पुण्य करावं, असं मला वाटत होतं. म्हणजे ती भाकरी तरसासाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. तो थोडा वेळ फिरला आणि अंधारात गेला. उपाशी गेला की नाही, कोण जाणे.

उरलेले दोन दिवस मी बघणं सोडलं नाही. हत्ती बघितले, पाणघोडे बघितले, सिंह पुन्हा दिसले तेही बघितले. डोळे मिटून घेणं मला जमलं नाही, आणि ते खरंही वाटलं नसतं. फक्त 'आता, आता' सुरू झालं की मी जपमाळेचा मणी सरकवायची. कधी लक्षात यायचं, कधी नाही.

बेळगावला परत आल्यावर बस्तीत स्वाध्यायाला गेले. पोथी मिटल्यावर सगळ्या भोवती जमल्या. मी फोनवरचे फोटो दाखवले.

"सिंह बघितलास?"

"बघितला."

"शिकार करताना?"

"अगदी समोर झडप घातली. पण झेब्रे सुटले."

"अरेरे!" चार-पाच जणी एकदमच म्हणाल्या.

मी पुढचा फोटो काढला. पाणघोड्यांचा होता.