उपास कोणी धरायचा?

अजगर नेहमीच भुकेला दिसतो. जेवून पंधरा दिवस झाले तरी दिसतो, आणि अंगात वर्षभर पुरेल इतकी चरबी असली तरीही दिसतो.

पिंजऱ्याचे दार सरकते. तो मान उचलतो, जीभ आत-बाहेर करतो, ओठांवरच्या बारीक खाचांनी समोरच्या देहाची ऊब चाचपतो. पाळणाऱ्याला वाटते, मागतोय बिचारा. तो मागत नसतो, तपास करत असतो. रानात पुढचे भक्ष्य कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आलेले सोडायचे नाही, एवढेच त्याच्या देहाला ठाऊक आहे. पुरे कधी म्हणायचे, हे शिकायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. ते काम रान करत होते.

आपण त्याला रानातून आणले. रानाचे काम मात्र मागेच राहिले.

*

भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत अजगर आहे. आपणहून आले ते खावे, नाही आले तर पडून राहावे. एकनाथांनी हे मराठीत आणले, कीर्तनकारांनी घरोघर पोचवले. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. अजगराचा हा संयम अजगरात नसतो, त्याच्या भोवतीच्या परिस्थितीत असतो. पुढ्यात दर रविवारी ससा येऊन पडू लागला की गुरूचे वैराग्य दोन वर्षांत पोटावर दिसते.

*

1990च्या दशकात अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी बर्मी अजगराच्या पचनाचा अभ्यास केला. महिनाभर उपाशी असलेल्या अजगराचे आतडे आक्रसलेले असते आणि जठरात आम्ल जवळजवळ नसतेच. भक्ष्य गिळले की दोनेक दिवसांत आतड्याचे वजन दुपटीवर जाते आणि जठर आम्लाने भरते. भक्ष्य अजगराच्या स्वतःच्या वजनाइतके मोठे असेल तर चयापचयाचा वेग विश्रांतीच्या चाळीस पटींवर चढतो. हृदयही वाढते, असे 2005 साली प्रसिद्ध झाले: दोन दिवसांत निलय 40 टक्क्यांनी जड. पुढच्या काही प्रयोगांत ते तसे आढळले नाही, तो वाद चालू आहे. आतड्याबद्दल वाद नाही. पचन आटोपले की ते पुन्हा आक्रसते.

म्हणजे तमाशाची कनात. गाव आले की उभारायची, खेळ संपला की गुंडाळून गाडीत टाकायची. दर आठवड्याला खाणाऱ्या अजगराची कनात गुंडाळली जातच नाही.

*

मार्शल मॅक्यू यांनी तीन जातींचे साप सुमारे साडेपाच महिने उपाशी ठेवले. त्यांत एक जात अजगराची होती. 2007 साली निष्कर्ष आले. काहींनी आपला ऊर्जेचा खर्च तब्बल 72 टक्क्यांनी कमी केला होता. आणि त्या काळात त्यांची लांबी वाढली होती.

उपाशीपोटी वाढणाऱ्या जनावराची आपण 'दोन आठवडे झाले, काही खाल्ले नाही' म्हणून काळजी करतो.

*

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या गर्नी इथे 'बेबी' नावाची बर्मी अजगराची मादी होती. 1998 मध्ये तिचे वजन 182.76 किलो भरले. पाळलेल्या सापांत सर्वांत जड म्हणून तिचे नाव झाले. लांबी आठ मीटरच्या वर सांगितली जाई. ती मेल्यावर नीट मोजणी झाली, तेव्हा ती 5.74 मीटर निघाली.

लांबी खोटी होती. वजन खरे होते.

आता दुसरी मादी. जात तीच, पण फ्लोरिडाच्या दलदलीत मोकाट वाढलेली. ती तिथल्या संशोधकांनी पकडली आणि 2022 मध्ये जाहीर केली. लांबी सुमारे 5.4 मीटर, वजन 97.5 किलो. पोटात तयार होत असलेली 122 अंडी, आतड्यात हरणाच्या खुरांचे अवशेष. फ्लोरिडात तोवर पकडलेल्या अजगरांत हीच सर्वांत जड. म्हणजे रानातले पोट भरलेच होते, भरभरून भरले होते.

एकाच ठेवणीच्या जनावरांचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हा हिशेब लावला तर बेबीचे वजन 117 किलोच्या आसपास असायला हवे होते. वरचे सुमारे 66 किलो रानाने दिलेले नव्हते.

*

साप लठ्ठ झाला तरी लवकर दिसत नाही. त्याची चरबी मुख्यतः कातडीखाली साठत नाही, पोटाच्या पोकळीत लांबट गाठोड्यांसारखी साठते. वळताना खवल्यांमधली कातडी ताणून दिसू लागली, शेपटीपाशी अंग एकदम बारीक होऊ लागले, की समजावे: चरबी साठून बराच काळ लोटला आहे. तोवर यकृतात चरबी शिरलेली असू शकते. मादीची अंडी अडू शकतात.

आणि तोवर बघणारे म्हणत असतात, काय तेजदार जनावर आहे!

*

चरबी वाईट नाही, हेही सांगायला हवे. बर्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते. त्या काळात खात नाही. अंगाचे स्नायू पुन्हा पुन्हा आखडून ऊब तयार करते आणि अंडी गरम ठेवते. थंड रक्ताचा म्हणून शाळेत शिकवलेला प्राणी स्वतःच्या चरबीवर शेकोटी पेटवतो. ती चरबी त्यासाठी असते, कोरड्या महिन्यांसाठी असते, हुकलेल्या शिकारीसाठी असते.

पिंजऱ्यात कोरडे महिने नाहीत. शिकार हुकत नाही. जमा रोज, खर्च कधीच नाही.

*

सडसडीत राहावा म्हणून सोललेले, चरबी काढलेले मांस द्यायचे, असा एक गैरसमज आहे. सापाला अख्खे जनावर लागते: हाडे, यकृत, केस, सगळे. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर ठेवलेला अजगर जाड होऊनही कुपोषित राहतो. निवड करायची ती जनावराची. पैदाशीतून काढलेला, डबीत बसून दाणे खाल्लेला जुना उंदीर म्हणजे चरबीचे पुडके. त्यापेक्षा कोवळा ससा बरा, कोंबडी बरी. लठ्ठ उंदीर खाणारा अजगर दुसऱ्या कोणाच्या तरी बेफिकिरीवर पोसला जात असतो.

आणि मग अंतर. पिलाला आठवड्याला एकदा चालेल. पूर्ण वाढलेल्या मोठ्या अजगराला तीन-चार आठवड्यांनी, नराला त्याहून विरळ, मधे एखादा लांब खंड. रिक शाइन यांनी सुमात्रात जाळीदार अजगरांची पोटे तपासली. लहान अजगर उंदरांवर जगत होते. तीन-चार मीटरच्या पुढे गेलेल्यांच्या पोटात खवले मांजर, साळिंदर, माकड, डुक्कर असे काही सापडे. अशी जनावरे रोज वाटेत येत नाहीत.

*

पैदास करणाऱ्यांचा एक शब्द आहे, 'पॉवर फीडिंग'. मादी लवकर अंड्यांवर यावी म्हणून तिला भराभर भरवायचे. चार वर्षांची वाढ दोन वर्षांत. यात निदान ढोंग नाही, धंदा आहे. प्रेमाने भरवणाऱ्याचे हात मात्र कोणी धरत नाही.

आपण आग्रहाची माणसे. पानात जिलबी वाढताना 'नको' हा शब्द आपल्याला ऐकूच येत नाही. नागपंचमीला नागाला दूध पाजतो. साप दूध पीत नाही, पचवू शकत नाही. आधी तहानेने व्याकूळ केलेला नाग समोर येईल ते पितो, आणि आपले हात जुळतात. ज्याला भरवले त्याचे काय झाले, हे न विचारता मिळालेले पुण्य फार स्वस्त असते.

भारतीय अजगर 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो घरी ठेवता येत नाही, हे बरेच आहे. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः सर्पोद्यानांचा आणि परदेशी जाती नोंदवून पाळणाऱ्या मोजक्या हौशींचा. अमेरिकेत तो राहत्या घरांतला आहे. पण आपल्याच प्राणिसंग्रहालयांत एक जुनी, शहाणी रीत आहे: वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपास. वाघाला तो मान्य आहे की नाही हे कोणी विचारत नाही. वाघ निदान पिंजऱ्यात हिंडतो, अंगाला काम देतो.

अजगर तेवढाही हिंडत नाही. म्हणून त्याला चढायला जाड फांदी हवी, पूर्ण अंग पसरता येईल एवढी जागा हवी. पोट कमी भरून पिंजरा मोठा करायचा, हे पाळणाऱ्याला जड जाते, कारण ससा स्वस्त असतो आणि जागा महाग.

*

कधी तो स्वतःच नाही म्हणतो. पैदाशीच्या दिवसांत नर महिनोन् महिने भक्ष्याला तोंड लावत नाही. मग पाळणाऱ्याची धांदल उडते. उंदीर नको तर कोंबडीचे पिल्लू, पिल्लू नको तर लावी. गोठवलेले, मग कोमट पाण्यात वितळवलेले भक्ष्य पुन्हा पुन्हा चिमट्यात धरून नाचवायचे. कोणी हताश होऊन जिवंत उंदीर आत सोडतो आणि सकाळी बघतो तर उंदराने सापाचीच पाठ कुरतडलेली.

अशा वेळी पाण्याचे भांडे भरलेले आहे का, कोपऱ्यातली ऊब पुरेशी आहे का, एवढे पाहावे. महिन्याने त्याला मोठ्या टबात घालून काट्यावर ठेवावे आणि आकडा मागच्या आकड्याशेजारी लिहावा. दोन्हींत फारसा फरक नसेल तर पुढचा ससा फ्रीजरमध्येच राहू द्यावा.