होडीने केलेलं काम

२०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने आदिवासी कुटुंबं अंगणवाडीकडे फिरकेनाशी झाली, तेव्हा नंदुरबारमधल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर जाऊ लागल्या. बाळांची वजनं घेतली, गरोदर बायांना आहार पोचवला.

पुढच्याच वर्षी सेविकांच्या मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ हे सरकारी ॲप आलं. त्यात बाळाच्या वजनाबरोबर सेविकेचं कामही मोजलं जातं. इंग्रजी ॲप आणि बिघडणारे फोन यांना कंटाळून राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले.

मोजणं वाईट नाही. कुपोषित मूल आकड्यामुळेच वेळेत सापडतं.

पण गीता कर्माला फळाच्या अपेक्षेतून मोकळं करते, ॲप मात्र त्याला नोंदीशी बांधतं. नेटवर्क नसलेल्या सातपुड्यातल्या पाड्यावरची सेवा नोंदली गेली नाही, तर ती झालीच नाही असं कसं म्हणायचं? अशा वेळी सेविकेची वही आणि तिचा शब्दही पर्यवेक्षिकेने पुरावा म्हणून धरायला हवा.