गृहस्थाची अहिंसा

बेंगळुरूत ‘विमोचना’ ही संस्था १९७९ पासून पीडित स्त्रियांच्या पाठीशी उभी आहे. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कर्नाटकातील शेकडा ७६.९ स्त्रिया व ८१.९ पुरुष पतीने पत्नीस मारणे कोणत्या ना कोणत्या कारणास्तव योग्य मानताना आढळले. कारणे तरी कोणती? स्वयंपाक बिघडला, न सांगता बाहेर गेली, उलट बोलली! भगवंतांनी सोळाव्या अध्यायात अहिंसा व अक्रोध यांस दैवी संपत्तीत गणिले. क्रोध व पारुष्य यांस आसुरी संपत्तीत. तेथे उंबरठ्याच्या आतील पारुष्यास सवलत नाही. ‘घरचा मामला’ म्हणून दार लावून घेणारा शेजारीही त्या पापाचा वाटेकरी होय. सज्जनहो, सहनशीलतेचा उपदेश मार खाणारीस नव्हे, हात उगारणाऱ्यास करावा.