मूळ राखावे, फळ वाटावे

जंगल कुणाचे, असा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यात विचारला तर उत्तर देणाऱ्याचे पोट कशावर चालते त्याप्रमाणे उत्तर बदलते. वनखात्याचा माणूस म्हणतो, सरकारचे. गोंड म्हातारा म्हणतो, आमच्या देवाचे. लाकडाचा व्यापारी लिलावाची पावती दाखवतो. आमच्या माजरीत हा प्रश्न केला तर माणूस आधी थोडा गोंधळतो, मग पूर्वेला ताडोब्याकडे बोट दाखवतो. म्हणजे, ते तिकडे आहे, आपले काय?

भद्रावती तालुक्यातले हे गाव वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींवर आणि रेल्वेच्या जंक्शनवर जगते. आमच्या वर्गातली मुले खाण कामगारांची, रेल्वेवाल्यांची, छोट्या दुकानदारांची. जंगल त्यांना पाठ्यपुस्तकात भेटते. तरीही असे म्हणता येणार नाही की आमचा जंगलाशी संबंध नाही. या भागातील कित्येक मुस्लिम कुटुंबांची रोटी आरा मशीन, सुतारकाम, लाकडाची वाहतूक आणि तेंदूपत्त्याची ठेकेदारी यांवर चालत आली आहे. पलंग, दरवाजे, बिडी, वहीचा कागद, सगळे तिकडूनच आले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात वर्षानुवर्षे याच दोन जिल्ह्यांचा बांबू जात होता. आम्ही जंगल खातो, फक्त ताटात ओळखत नाही.

मग आपला त्यात सहभाग कोणता? सरकारी भाषेत सहभाग म्हणजे हजेरी. १९५० साली सुरू झालेला वन महोत्सव दर जुलैत येतो, शाळेत रोपे येतात, फोटो निघतो. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ३३ कोटी रोपांचा संकल्प केला होता. मुलांना तो दिवस आवडतो, आम्हालाही आवडतो. पण मागच्या वर्षीच्या खड्ड्यातच या वर्षीचे रोप बसते, हा विनोद सगळ्या मास्तरांना ठाऊक आहे. अशा कार्यक्रमात एखादे मौलवीसाहेब बोलायला उभे राहिले की ते ठरलेली हदीस सांगतात, की कयामत समोर आली आणि हातात रोप असेल तरी ते लावून टाकावे. मोठी सुंदर शिकवण आहे. मात्र जंगलाचा प्रश्न मुळात रोप लावण्याचा नाही. जंगल आपले आपण उगवते. प्रश्न आहे घेण्याचा: किती घ्यावे, कुणी घ्यावे, आणि हिशोब कुणाला द्यावा.

यासाठी आम्हाला दुसरी एक हदीस अधिक जवळची वाटते. हजरत उमर (रजि.) यांना खैबरला उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी पैगंबरसाहेबांना (स.) विचारले. सल्ला मिळाला तो असा, की मूळ रोखून धरावे आणि तिचे उत्पन्न सदका करावे. त्यानंतर ती जमीन विकली गेली नाही, दान दिली गेली नाही, वारशात वाटली गेली नाही. तिचे फळ गरिबांना, नातलगांना, वाटसरूंना मिळत राहिले. वक्फची सारी इमारत याच सल्ल्यावर उभी आहे. आणि शाश्वत वनव्यवस्थापन म्हणून जे सांगितले जाते ते याहून वेगळे काय आहे? जंगलात दरवर्षी जेवढी वाढ होते तेवढेच काढावे, मूळ भांडवलाला हात लावू नये. इंग्रज सरकारने १८६४ मध्ये ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला मुख्य अधिकारी नेमले, तेव्हा तोही हेच गणित घेऊन आला होता. फरक एवढाच की त्या गणितात फळ कुणाचे, याचे उत्तर रेल्वे आणि सरकारी तिजोरी असे होते. जंगलात राहणारा त्यात चोर ठरला.

हे उत्तर बदलायला फार काळ लागला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे शंभरेक घरांचे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. घोषणेपेक्षा आम्हाला त्यांची रीत महत्त्वाची वाटते. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकजण जरी राजी नसला तरी बोलणे चालू राहते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलेले असूनही खाते मानेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका पावती-पुस्तकासाठी मंत्र्याला दिल्लीहून यावे लागले, ही गोष्ट हसण्यासारखी आहे. पण मुतवल्ली कोण, हा वाद त्या पुस्तकातच होता.

आमच्याच जिल्ह्यातील पाचगावची गोष्ट याहून अवघड. गोंडपिपरी तालुक्यातील या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांचा हक्क मिळाला. गावाने बांबू विकून मजुरी कमावली आणि तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले. कारण साधे होते. चांगले पान यावे म्हणून झुडपे छाटतात, आग लावतात. मग फळ धरत नाही, आणि ते फळ पक्ष्यांचे, जनावरांचे, लेकरांचे. रोख पैसा देणारे पीक गरीब गावाने आपण होऊन सोडले. आम्हाला विचाराल तर यापेक्षा मोठा सदका आम्ही पाहिलेला नाही. पण येथेच मनात काटा रुततो. बांबू असल्याने पाचगावला सोडणे परवडले. ज्यांच्याकडे दुसरे काही नाही त्यांचे काय? २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या बायकांना संयमाचा उपदेश करण्याचा अधिकार बिडी ओढणाऱ्याला नाही, ठेकेदाराला नाही, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरांना तर मुळीच नाही.

काही वाचक म्हणतील, वक्फचे उदाहरण देता, पण वक्फचे आपण काय केले? बरोबर आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की देशात सुमारे ६ लाख एकर वक्फ जमीन आहे आणि तिचे वर्षाचे उत्पन्न अवघे १६३ कोटींच्या आसपास. तत्त्व आपल्याजवळ होते. कब्जे झाले, कवडीमोल भाड्याने जमिनी गेल्या, आणि त्यात परके होते तसे आपलेही होते. मूळ राखण्याची शिकवण पुस्तकात असून भागत नाही, हिशोब मागणारी जमात लागते. मेंढ्याच्या सभेत कोणीही उठून हिशोब विचारू शकतो. आपल्या किती मशिदींच्या, दर्ग्यांच्या जमिनींबाबत असे होते?

आता माजरीकडे येऊ. वक्फच्या फिकहमध्ये इस्तिबदाल नावाचा एक प्रकार आहे. वक्फची वस्तू निरुपयोगी झाली तर काझीच्या परवानगीने ती बदलून दुसरी घेता येते. फुकहांनी हे नाखुशीनेच मान्य केले, आणि अट घातली की बदली वस्तू हक्कदारांसाठी तितकीच किंवा अधिक फायद्याची असावी. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार खाण, धरण यांसाठी जंगल द्यायचे तर पर्यायी वनीकरण करावे लागते; हा एक इस्तिबदालच म्हणायचा. २०२५ मध्ये गडचिरोलीत सुरजागडच्या लोह प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वन वळवण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली. तोडायची झाडे लाखाहून अधिक. त्याबदली कुठेतरी रोपे लागतील. परंतु मोह, चारोळी, तेंदू, बेहडा असलेल्या मिश्र जंगलाच्या जागी सागाच्या रांगा उभ्या राहिल्या तर मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या टोपलीत काय पडणार? हेक्टर हेक्टरला जुळतात, हक्कदार जुळत नाहीत. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने या जिल्ह्यांत सागासाठी मिश्र जंगले तोडली, तेव्हाही लोकांची तक्रार हीच होती.

आणि कोळसा? त्याला फळ नाही. तो एकदा काढला की संपला. तेथे मूळच खाल्ले जाते. आमच्या गावाचे दिवे, दुकाने, शाळेची फीसुद्धा त्यावर चालते. खाणीतून निघालेल्या मातीचे डोंगर गावाभोवती उभे आहेत, त्यांवर झाडे लावली जातात, काही जगतातही. हा इस्तिबदाल मान्य होण्याजोगा आहे का, असे आम्ही नववीच्या वर्गाला विचारले. बराच वेळ वाद झाला. एका मुलीने विचारले, "सर, ज्यांची जमीन खाणीत गेली, त्यांना या डोंगरावरचे लाकूड घेऊ देतात का?" वर्गात कुणाला माहीत नव्हते. तिने ते खाणीच्या कार्यालयात जाऊन विचारायचे ठरवले आहे, आणि अर्ज मराठीत लिहायचा की उर्दूत, यावर सध्या वर्गात दोन तट पडले आहेत.