घास आणि सोवळे

आहारशुद्धीवर आम्ही आजवर किती बोललो याची मोजदाद नाही. छांदोग्यातील आहारशुद्धीच्या वचनावर भाष्य करताना शंकराचार्यांनी आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले विषयज्ञान असा अर्थ केला. रामानुजमतात तो शब्द अन्नाकडेच लावून अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत. पदार्थ मुळात निषिद्ध असेल तर जातिदोष, देणारा दुष्ट असेल तर आश्रयदोष, केस-माती पडली तर निमित्तदोष. पाठशाळेत हे तोंडपाठ केले. त्याची परीक्षा मात्र इथिओपियात झाली.

आमचा पुतण्या अदिस अबाबा येथे अध्यापक आहे. कार्तिकीनंतर आम्ही त्याच्याकडे गेलो असता शेजारच्या एका वृद्ध बाईंनी शुक्रवारी जेवायला बोलावले. गळ्यात तुळशीची माळ, तेव्हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला. पुतण्या हसून म्हणाला, "काका, आज काळजीच नको. आज त्यांचा उपास." तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी व शुक्रवारी मांस, अंडी तर राहोच, दूधतूपही घेत नाहीत. ईस्टरपूर्वीचा मोठा उपास तर 55 दिवसांचा! बाईंनी दुपार टळेपर्यंत अन्नपाणी घेतले नव्हते. आमची एकादशी साबुदाण्यावर कशी साजरी होते ते सज्जनांस ठाऊकच आहे. असो.

तेफ नावाचे खसखशीसारखे बारीक धान्य तिथे पिकते. त्याचे पीठ भिजवून दोनतीन दिवस आंबवायचे आणि मोठ्या गोल तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायचे. ही इंजेरा. परातीएवढी मऊ आंबोळीच म्हणा ना, वर जाळी पडलेली, पण चवीला बरीच आंबट. पहिल्या तुकड्याला जीभ आखडली, तिसऱ्याला रुचू लागली. तिच्यावर वाढला होता शिरो. नाव ऐकून आम्ही गोडाची वाट पाहत होतो, निघाले हरभऱ्याच्या पिठाचे तिखट पिठले! शेजारी मसुरीचे झणझणीत कालवण आणि पालेभाजी. कांदा होता, पण चातुर्मास संपलेला, तेव्हा तिथे काही अडले नाही.

अडले होते ते त्याआधीच. ताट एकच, आणि सगळे त्याच्याभोवती. बाईंनी प्रथम आमच्या हातांवर पाणी घातले. मग इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि तो घास स्वतःच्या हाताने आमच्या तोंडापाशी आणला. याला ते लोक गुर्शा म्हणतात. लोभ जितका अधिक, घास तितका मोठा.

आम्ही हात जोडले आणि मान मागे घेतली. विचार करून नव्हे, अंगच मागे सरले. तो हात क्षणभर तसाच राहिला, मग घास पुतण्याच्या तोंडात गेला. त्याने काही समजावले असावे, कारण बाई उठल्या आणि आमच्यासाठी वेगळे ताट घेऊन आल्या. रुष्ट झाल्या नाहीत, हेच अधिक लागले.

वेगळे ताट, वेगळा पेला कोणासाठी ठेवीत हे लहानपणी आम्ही घरीच पाहिले आहे. जेवता जेवता तिन्ही दोष लावून पाहिले. धान्य निर्दोष, पान स्वच्छ. देणारी सकाळपासून निराहार. उष्टे म्हणावे तर तिचा हात अजून तिच्या तोंडाला लागलाही नव्हता. माळेचे व्रत मांसाविषयी आहे. तसा प्रसंग आला तर यजमान रागावला तरी पानावरून उठावे, यात आमचे मत आजही पालटलेले नाही. पण इथे व्रत मोडा असे कोण म्हणत होते? सवय मोडायची होती, आणि तिलाच आम्ही व्रत म्हणत आलो. गोपाळांनी एकमेकांच्या मुखी घास घातले, देवाने त्यांचे उष्टे खाल्ले, हे काल्याच्या कीर्तनात चाळीस वर्षे रंगवून सांगतो. नाथांघरच्या श्राद्धाची कथा सांगून श्रोत्यांना रडवतो. आणि शेवटी काला वाटतो तो मात्र हातावर, वरून!

जेवणानंतर बाईंनी कॉफीचे दाणे तिथेच भाजले, कुटले, मातीच्या भांड्यात उकळले. तीनदा कॉफी देण्याची तिथली रीत आहे. तिसऱ्या पेल्याला आम्ही पुतण्याला हळूच विचारले, "मघाचा घास आता मागितला तर?"

"काका," तो म्हणाला, "तो मागून घ्यायचा नसतो."